माझ्या नळीतलं तांब्याभर पाणी

जपानमधल्या उरायासु शहरात, दोन खोल्यांच्या घरात जुईचं बारसं झालं, ते साल दोन हजार सोळा. पाळणा काही मिळेना म्हणून ओढणीची झोळी बांधली होती, असं तिची आई सरिता अजून सांगते. त्याच वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडले. मित्रांनो, मी हायड्रोजनवर चालणारी एक जुनी मोटार आहे.

माझ्या पोटात पेट्रोल नसतं. दोन जाड टाक्यांत हायड्रोजन वायू दाबून भरलेला असतो. समोरून मी हवा आत घेते. हवेतला प्राणवायू आणि हा हायड्रोजन यांच्यापासून माझ्या आत वीज तयार होते आणि तिच्यावर मी पळते. मागे धूर निघत नाही. उरतं ते फक्त पाणी.

पहिली चार वर्षं एका कंपनीने मला पाहुण्यांना दाखवायला ठेवलं. लोक फोटो काढत, टाळ्या वाजवत. मग नवी गाडी आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले. तिथून मला संजीवने घरी आणलं. संजीव म्हणजे जुईचा बाबा, मुंबईहून बँकेच्या बदलीवर आलेला.

दोन हजार तेवीसच्या दसऱ्याला सरिताचे वडील उदयराव ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले. जन्मभर त्यांनी वेल्डिंग केलं होतं. एकदा सिलिंडर फुटून त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. मी कशावर चालते हे कळताच ते जागीच थबकले.

"जावईबापू, ही गाडी नव्हे, चाकं लावलेला सिलिंडर आहे. मी आपला चालत येतो."

"बाबा, जरा गळती झाली तरी झडप आपोआप बंद होते. आणि हा वायू इतका हलका, की वर निघून जातो."

"आमचा सिलिंडरवालाही असाच गोड बोलायचा."

दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडूचा हार झाला, हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सरिताने निरांजन आणलं, तोच उदयरावांनी धावत येऊन ते विझवलं. तीन महिने ते माझ्यात बसले नाहीत. जुई रोज मागचं दार उघडून "आजोबा, या ना!" म्हणायची आणि ते छत्री टेकत स्टेशनकडे निघायचे.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. माझ्या नळीतून ठिबकलेलं पाणी पार्किंगच्या जागेत गोठलं आणि तिथले वृद्ध व्यवस्थापक मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडचे मोरिताराव, त्यावरून घसरले. गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी माझ्या काचेवर कागद चिकटवलेला होता. सात वर्षांच्या जुईने तो अडखळत वाचला.

"आई, गाडीतून काहीतरी गळतंय, असं लिहिलंय. महिनाअखेर जागा सोडा म्हणतात."

मित्रांनो, या देशात उभी करायला जागा नसेल तर गाडी ठेवता येत नाही. माझ्यासारख्या जुन्या गाडीला कोण घेणार? मला समोर भंगाराचं मैदान दिसू लागलं.

उदयरावांची तर कटकट टळणार होती. पण सकाळी तेच ठाण्याहून आणलेला आपला पूजेचा तांब्या घेऊन खाली आले. गळती म्हटल्यावर त्यांच्यातला कारागीर गप्प बसेना. संजीवने मला सुरू केलं. त्यांनी नळीखाली तांब्या धरला, पाणी बोटांवर चोळलं, वास घेतला.

"तेल नाही. तेलाचा थेंबसुद्धा नाही."

तेवढ्यात मोरिता-सान लंगडत आले. जुईने त्यांना जपानीत सांगितलं, हे पाणी आहे. ते अदबीने वाकले, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. तेव्हा उदयरावांनी तांब्या वर केला आणि दोन घोट गटागट प्यायले.

"बाबा! अहो काय हे!" सरिता ओरडली.

"काही चव नाही गं. मीठ घालायला हवं."

मोरिता-सान आधी घाबरले, मग तोंडावर हात धरून हसले. उदयराव मात्र गंभीर झाले. "जुई, सांग त्यांना. पाणी स्वच्छ असलं तरी त्यांचा पाय आमच्यामुळे दुखावला. चूक आमचीच. माफ करा म्हणावं." आणि ते स्वतःही कमरेत वाकले.

मोरिता-सान माझ्या खिडकीतून आत वाकून पाहू लागले. त्यांनी एका बटणाकडे बोट दाखवलं. जुईने वाचलं, "बाबा, इथे लिहिलंय, पाणी सोडा."

संजीव ओशाळला. माहितीपुस्तक जपानीत, म्हणून त्याने ते तीन वर्षं उघडलंच नव्हतं. जागेत शिरण्याआधी ते बटण दाबून पाणी गटारावर सोडायचं, एवढीच तर गोष्ट होती!

काचेवरचा कागद निघाला. उदयराव पुढचं दार उघडून बसले. "चला जावईबापू, फिरवा. जे पोटात गेलं त्याला आता काय भ्यायचं?"

पंधरा दिवसांनी मीच त्यांना विमानतळावर पोहोचवलं. वाटेत त्यांनी विचारलं, "हा वायू तरी येतो कुठून?" संजीवने खरं ते सांगितलं, की अजून बराचसा जमिनीतल्या वायूपासूनच काढतात. उन्हावाऱ्याच्या विजेने पाण्यातूनही काढता येतो, पण तो अजून थोडा आणि महाग.

"मग शिका आणि करा. अर्धं काम झालंय," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही माझं पाणी पिऊ नका हं. ते पिण्यासाठी नाही. पण घरात येणाऱ्या यंत्राची माहिती पहिल्या दिवशीच वाचा, कळेल त्याच्याकडून वाचून घ्या. माझ्या टाक्यांची मुदत पंधरा वर्षांची आहे. त्यातली थोडी उरली आहेत, आणि मी आनंदात आहे. जुई आता रोज फाटकाशी बटण दाबते आणि तोच तांब्या धरून ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालते.

तांब्या उदयराव मुद्दाम इथेच ठेवून गेले होते. ते दोन हजार पंचवीसच्या ऑगस्टमध्ये, नऊ तारखेला, ठाण्याला वारले.