लाल पट्टी

तिने शटर खाली ओढलं आणि भर दुपारी गॅरेजमध्ये अंधार झाला.

"दिवा लाव," ती म्हणाली.

"लावा म्हणा. सरकारी काम आहे ना, मॅडम?"

मिस्त्री तिचा सख्खा मोठा भाऊ होता आणि ती वाहन तपासनीस. तपासणीच्या फॉर्मवर 'गॅरेजमालकाशी नाते' असा रकानाच होता. सकाळी त्यात 'भाऊ' असं लिहून तिने तो साहेबांपुढे धरला होता. दुसरा तपासनीस रजेवर होता. साहेबांनी शुद्धलेखन तपासून फॉर्म परत दिला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर पोस्टमन बसला होता. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी पुलाजवळ समोरून आलेल्या एका मोटारसायकलच्या दिव्याने त्याचे डोळे दिपले होते आणि तो सायकलसकट नाल्यात गेला होता. मोटारसायकल सापडली. तिच्या मडगार्डवर या गॅरेजचा स्टिकर होता. आता ती इथेच मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोष गॅरेजचा ठरला तर परवाना जाणार होता. परवाना अजून वडिलांच्याच नावाचा, फ्रेम करून टांगलेला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बल्ब परवानगीचा आहे," मिस्त्री म्हणाला. "खोक्यावर शिक्का आहे, बघ. पुढे पांढरा, मागे लाल. निळं, जांभळं, लुकलुकणारं मी बसवत नाही. परवा एक जण अकरा दिवे बसवून मागत होता. त्याला म्हटलं, दीपगृहात नोकरी बघ."

"प्रश्न बल्बचा नाही. तो कुठे बघतोय, त्याचा आहे."

"पट्टीला बघतोय. बाबांच्या."

मागच्या भिंतीवर हातभर लांबीची लाल पट्टी होती. गाडी जमिनीवरच्या खुणेवर उभी करायची, दिवा लावायचा, आणि उजेडाची वरची कड पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू फिरवायचा, ही या गॅरेजची रीत. पट्टी डाव्या टोकाला जराशी वर चढलेली होती. कडेचा माणूस दिसावा म्हणून नव्या दिव्यांचा उजेडही डावीकडे तसाच चढतो. तीस वर्षांपूर्वी हे सुचलं, बाबा काळाच्या पुढे होते, असं हल्ली मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे.

त्याने बटण दाबलं. उजेडाची कड पट्टीवर जाऊन बसली, डावीकडच्या चढासकट.

"केसभर फरक दाखव," तो म्हणाला.

"काका, जरा दिव्यासमोर बसता का?" तिने पोस्टमनला विचारलं.

पोस्टमनने डाव्या हाताने स्टूल ओढत भिंतीशी नेलं, बसला, चष्मा काढला आणि लगेच परत घातला.

"हाच."

"नक्की?"

"बाई, त्या दिवशी मला वाटलं, यमाने रेडा विकून गाडी घेतली. हाच तो."

मिस्त्रीच्या हातातला पाना मघापासून टाकीवर टकटक करत होता. तो थांबला.

तिने टेप काढला. आधी दिवा मोजला, मग पट्टी. मग पुन्हा दिवा, पुन्हा पट्टी.

"दिव्याचा मध्य नव्वद सेंटिमीटर. पट्टी एकशे चौदा. पट्टी दिव्याच्या खाली हवी. हा उजेड आभाळाकडे चाललाय, दादा."

'दादा'ऐवजी ती 'मिस्त्री' म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"टेप ताणला असेल."

"लोखंडी आहे."

"म्हणजे बाबांची पट्टी चूक? तीस वर्षं गाड्या लावल्या त्यांनी. एक तक्रार दाखव. एक!"

भिंतीजवळ जाऊन तिने पट्टीच्या डाव्या टोकावरून बोट फिरवलं. ते तिथेच थांबलं. मग तिने टोपी काढून पोस्टमनच्या मांडीवर ठेवली.

"धरा जरा."

भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली आणि गुडघे वाकवत खाली सरकू लागली, गणवेशाला चुना लागला तरी. डोकं पट्टीला लागलं तशी ती थांबली. उजेड थेट तिच्या तोंडावर होता. तिने डोळे मिटले आणि उजवा हात कानाच्या वर नेला. शाळेत जाताना तिथे तिच्या रिबिनीची गाठ असायची. पट्टी चढली होती ती बरोबर तिथेच.

मिस्त्रीने दिवा बंद केला.



"दोन होत्या," तो म्हणाला. "दोन्ही लाल. एकाच डब्यातल्या."

"खालची दिव्याची. ही माझ्या उंचीची, मला पहिलीत घातलं त्या दिवशीची."

"भिंत रंगवताना रंगाऱ्याचा फोन आला होता, भिंतीवरचं काय ठेवू म्हणून. मी म्हटलं, लाल पट्टी ठेव."

"त्याने एकच ठेवली. वरची."

"म्हणजे मला नाल्यात नेमकं कोणी घातलं?" पोस्टमनने विचारलं.

तिने शटर वर ढकललं. ऊन आत आलं.

"रंग दिल्यापासून या पट्टीला किती गाड्या लावल्यास?"

मिस्त्री वहीची पानं उलटत गेला. बोट शेवटच्या ओळीवर आलं तरी त्याने मान वर केली नाही.

"सत्तेचाळीस."

दोघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. अंधार पडायला चार तास होते. त्याने फोन उचलला.

"मिस्त्री बोलतोय. आज दिवे लागायच्या आत घरी पोच. का ते विचारू नकोस. उद्या सकाळी गाडी घेऊन ये."

मग दुसरा नंबर. मग तिसरा. तो फोन करत होता तोवर ती फॉर्म भरत होती. 'दोषाचे कारण' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. शेवटी लिहिलं : 'भिंतीवरील खूण चुकीची.' त्याखाली : 'सर्व गाड्या दुरुस्त होईपर्यंत परवाना स्थगित.'

"गॅरेज बंद केलंस तर गाड्या दुरुस्त कुठे करू? तुझ्या कचेरीत?"

"इथेच, माझ्यासमोर. रोज आठ ते दहा. सील मी काढीन, मीच लावीन. जेवढे दिवस लागतील तेवढे."

शेवटचा फोन झाल्यावर मिस्त्रीने तिचा टेप घेतला, मोजून खाली नवी लाल पट्टी ओढली, आणि चुन्यात दुसरा ब्रश बुडवून वरच्या पट्टीकडे वळला.

"ती राहू दे," ती फॉर्मवरून मान वर न करता म्हणाली.

"आणि पुन्हा कोणी गाडी लावली तिला?"

तिने फॉर्मचं पान उलटलं. त्याने चुन्याचा ब्रश खाली ठेवला, लाल ब्रशचं टोक पुसून बारीक केलं आणि वरच्या पट्टीखाली दोन शब्द लिहिले. घरात तिला ज्या नावाने हाक मारत, ते, आणि इयत्ता.

पोस्टमनने चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"बारकी, पहिली. हे कुठल्या कंपनीचं मॉडेल?"

"जुनं आहे," मिस्त्री ब्रश धूत म्हणाला. "आता बनत नाही."

तिने टोपी मागून घेतली, झटकली आणि सीलचा कागद काढला.

"चला, बाहेर," ती म्हणाली. "दोघंही."