खारूच्या बॅगेने ऐकलेले फोन

मित्रांनो, मी चाकांची एक निळी बॅग आहे. जुनी म्हणालात तरी चालेल, मला राग येत नाही. राग येतो तो 'बॅगेला काय कळतंय' असं म्हणणाऱ्यांचा. आम्हाला सगळं कळतं. माणसं आमच्यासमोर रडतात, आमच्यावर बसून फोन करतात आणि वर आम्हालाच निर्जीव म्हणतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला खरं आयुष्य दिलं ते बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याचं दुकान इतकं चिंचोळं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की त्याला शिलाई मशीनच्या मागे सरकावं लागायचं. माझा पहिला मालक मला तिथे टाकून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. दुसऱ्या कुणी मला मोडीत काढलं असतं. पण हा हाडाचा कारागीर. त्याने मला नवी चाकं बसवली, आतून फुलाफुलांचं अस्तर शिवलं, चेनवर मेणबत्ती घासली आणि म्हणाला, "ही माझ्या खारूची." खारू म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी दुकानातली बक्कलं खारीसारखी खिशात साठवायची, म्हणून हे नाव. जन्मभर लोकांच्या प्रवासाच्या बॅगा शिवणारा हा माणूस स्वतः मात्र कधी कुठे गेला नव्हता.

खारू अठरा वर्षांची झाली आणि प्रवास करत शिकण्याच्या एका कार्यक्रमात तिची निवड झाली. वर्षभर परक्या देशात, परक्या कुटुंबात राहायचं. सकाळी काम, दुपारी वर्ग. सगळ्या गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. आत्या तर दिसेल त्याला थांबवून सांगत सुटली. बाबांनी मला स्वतःच्या हाताने भरलं. निघताना ते खारूला म्हणाले, "बॅगेची चाकं तुटली तरी चालतील, तू रडत परत येऊ नकोस म्हणजे झालं!" ते बोलले थट्टेत. खारूने मात्र ते मनाशी गाठ मारून ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात तिचं मन तिथून उडालं. घरचं जोडपं भलं होतं, पण त्यांची भाषा भरभर धावायची. जेवताना सगळे हसले की खारू जरा उशिरा हसायची. वर्गात जोड्या करायला सांगितल्या की ही एकटी उरायची. तिचा जीव रमायचा तो फक्त सकाळी, वृद्धाश्रमातल्या कामात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न उचलता, नुसतं कुशीवर वळवून त्याच्याखालची चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून उशी कुठे सरकवायची, हे तिथल्या नर्सने तिला शिकवलं. तिचा हात इतका हलका, की एक खवट आजोबा दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नसत. खोलीवर परतली की मात्र ती माझ्यावर बसून भिंतीकडे बघत राहायची.

कार्यक्रमातल्या मुलांची देखरेख करणाऱ्या ताईला हे दिसत होतं. ती म्हणाली, "घरी जावंसं वाटत असेल तर सांग. परतीची सोय आहे. कुणी नावं ठेवणार नाही." खारू म्हणाली, "घरी बोलून सांगते."

दर शनिवारी ती मला भरायची. रविवारी माझ्यावर बसून फोन लावायची आणि तिचा आवाज एकदम बदलायचा.

"कशी आहेस गं?" बाबा विचारायचे.

"मस्त! खूप मजा येते इथे. तुम्ही?"

"मला काय धाड भरलीये!"

"आवाज असा का येतोय?"

"सर्दी गं. तू मजेत आहेस ना? मग झालं तर."

फोन ठेवला की ती माझ्यातले कपडे पुन्हा बाहेर काढायची. मला तिची फार दया यायची. पुढे पुढे फोन आईच घेऊ लागली. बाबा दुकानात आहेत, बाबा झोपलेत, बाबा आत्ताच बाहेर पडले. खारूला वाटलं, आपलं खोटं त्यांना कळलं, म्हणून ते टाळतायत. मग ती फोनवर आणखी मोठ्याने हसू लागली.

वर्ष संपलं. विमानतळावर तिचा मोठा भाऊ एकटाच आला होता. त्याने मला उचललं आणि तो भराभर पुढे चालू लागला. वाटेत दुकानाला कुलूप दिसलं. घरात बाबांच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

"मला का नाही कळवलं?" खारूने विचारलं.

आत्या म्हणाली, "त्यानेच शपथ घातली होती. पोर मजेत आहे, तिचं वर्ष मोडू नका, म्हणायचा. तुझा फोन झाला की येईल त्याला तेच सांगायचा."

"मी मजेत नव्हते."

मग आई म्हणाली, "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

आत्याला रडू आवरेना. "शेवटी शेवटी पाठ सोलून निघाली होती गं त्याची. चादर बदलायला उचललं की ओरडायचा. आम्हाला काही जमेचना."

"मला येत होतं," खारू म्हणाली.

एवढंच बोलली. रडलीसुद्धा नाही. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं, हे बघण्याआधी मी वाटेतच हरवले असते तर बरं झालं असतं.

आता मी कपाटावर असते. माझ्यात बाबांचे शर्ट ठेवलेत. ते कुणाला देववत नाहीत आणि बघवतही नाहीत. माझी चेन अडकते. तिला मेण लावणारं आता कुणी नाही. खारू एका कचेरीत नोकरी करते. कार्यक्रमाच्या ताईने तिला नव्या मुलांसमोर अनुभव सांगायला बोलावलं होतं. ती गेली नाही. 'छान होतं,' एवढं लिहून तिने पाठवून दिलं.

एवढं झाल्यावर तरी या घरातलं खोटं थांबेल, असं मला वाटलं होतं. नाही थांबलं. आई दुपारभर छाती दाबून बसलेली असते आणि दारात खारूची पावलं वाजली की पदर सारखा करून उठते. खारूचे डोळे रोज सुजलेले असतात. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मला काय होतंय!"

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी तुम्हाला विनवायचं असतं, की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. तुम्ही लांब गेलात तर घरी खरं सांगा, आणि घरी असाल तर लांब गेलेल्याला खरं सांगा. वर्ष मोडलं तर मोडू द्या. हेच मी कपाटावरून रोज जीव तोडून सांगते, आणि खाली त्या दोघी समोरासमोर बसून, बरी आहे, बरी आहे, म्हणत जेवत असतात.