आंबट गोळी

बायको, पानबाई, गेल्यावर पंधराव्या दिवशी नेमीचंदांनी सावद्यातलं आपलं औषधांचं दुकान पुन्हा उघडलं. इतक्या दिवसांत ना रडू आलं, ना भूक लागली.

पाड्यावरचा डोंगरसिंग शिंकतच आला. "भाऊ, ती सर्दीनी नारिंगी गोळी द्या."

एरवी नेमीचंद व्हिटॅमिन सीची पट्टी निमूटपणे काढून देत. आज म्हणाले, "सर्दी झाल्यावर घेऊन फारसा फरक पडत नाही. आठवड्यात आपोआप जाईल."

"माले माहीत शे. पन आंबट लागस, तोंडले चव येस."

पट्टी घेऊन तो गेल्यावर नेमीचंदांनीही एक गोळी चघळली. पंधरा दिवस काय जेवलो, ते त्यांना आठवेना. त्यांनी घरी सुनेला फोन लावला.

"चेलना, आज डाळीत लिंबू पिळ."