वीतभर आखूड गोधडी

मित्रांनो, माझ्या एका पात्याचे टोक तुटलेले आहे. ते कोणी तोडले हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. मी कपडे शिवणाऱ्या एका बाईंची जुनी कात्री आहे. कात्रीने डूख धरला तर काय होते, ते आज तुम्हाला सांगते.

लोहाराने मला भट्टीत लालबुंद करून घडवले. बाईंनी मला हातात घेतले, हवेतच दोनदा चालवून पाहिले आणि माझ्या मुठीला लाल चिंधी बांधली. ही कात्री फक्त कापडाची, असा त्या चिंधीचा अर्थ होता. माझ्या पात्यांनी कागदाचा कपटा कापायचीही कोणाची टाप नव्हती. बाईंच्या नातीचा पहिला फ्रॉक मीच कापला. त्यावर पाखरांची नक्षी होती. ताग्यातले उरलेले बरेचसे कापड बाईंनी जपून ठेवले.

पुढे बाईंची दृष्टी गेली आणि मी सुनेच्या तावडीत सापडले. तिने माझ्याकडून पुठ्ठे कापून घेतले, तारा तोडून घेतल्या. एकदा डब्याचे झाकण उचकटताना माझे टोक तुटले, तेव्हा "जाऊ दे, कात्रीच तर आहे," म्हणत तिने मला चमच्यांच्या खणात टाकले. तीन वर्षे मी तिथे काढली. चमच्यांमध्ये, मित्रांनो! तिथेच मी मनाशी गाठ बांधली, की हिला एक दिवस रडवायचे. चमच्यांनी मला समजावले नाही. ते बिचारे कोणाच्या अध्यात ना मध्यात.

एक दिवस संधी आली. नात दूरच्या गावी वसतिगृहात राहायला निघाली होती. तिच्यासोबत घरची ऊब असावी म्हणून सुनेने आयुष्यातली पहिली गोधडी शिवायला घेतली. कापड तेच, पाखरांचे. तसे दुसरे आता कुठेच मिळत नव्हते. एका वेळी एकच थर काप, असे सासूबाईंनी बजावले होते, पण सुनेला घाई. तिने कापडाची चौपदरी घडी घातली, खडूने चौकोन आखले आणि मला उचलले.

धार तिनेच घालवली होती, बाकीचे मी केले. वरचा थर नीट कापला आणि खालचे थर चावत चावत सरकवले. दर खेपेला वरचा चौकोन बरोबर आणि तळचा बोटभर अरुंद. जिचा पहिला फ्रॉक मी कापला, तिचीच ही गोधडी, हे मला ठाऊक होते. पण राग डोक्यात गेला, की ठाऊक असलेले काही उपयोगी पडत नाही. शेवटचा चौकोन कापून झाला तेव्हा मी आतल्या आत नाचत होते.

चौकोन जोडायला घेतले तर कोपरे जुळेनात. सून रडकुंडीला आली. सासूबाईंनी चौकोन मागून घेतले आणि कडांवरून बोटे फिरवली.

"हे कापलेलं नाही, चावलेलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कात्रीने काय काय कापलंस?"

सून म्हणाली, "सगळंच. पुठ्ठे, पिशव्या, तारा. तुम्हाला दिसत नाही, तर कळणार नाही असं वाटलं."

हेच ऐकायला मी तीन वर्षे थांबले होते. माझा जीव कसा गार झाला! सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी आधी मला धार लावून आणायला सांगितले. मग सगळे चौकोन सर्वांत लहान चौकोनाएवढे कापायला लावले, या वेळी एकेक करून. कुठे पाखराची शेपटी, कुठे पंख माझ्या पात्यांखाली गळून पडत होते. मी अगदी सरळ चालले, पण आता त्याचा काय उपयोग?

गोधडी वीतभर आखूड झाली. नातीने ती पांघरून पाहिली. खांदे झाकावेत तर पाय उघडे.

"चालेल गं आई. पाय पोटाशी घेऊन झोपेन," ती म्हणाली, आणि गोधडीची घडी घालून पिशवीत ठेवली.

तिची आई तोंड फिरवून रडली. मी ठरवले होते तसेच झाले.

आता मी पुन्हा शिवणाच्या पेटीत आहे. सुनेने माझ्या मुठीला नवी लाल चिंधी बांधली आहे. मित्रांनो, कापडाच्या कात्रीने दुसरे काही कापू नका, तिला कोरडी ठेवा, वेळेवर धार लावा. तुम्ही विसरता, आम्ही विसरत नाही. सुनेला तर मी अजूनही माफ केलेले नाही. पण थंडी पडली, की मला ती आठवत नाही. मला ते दोन उघडे पाय आठवतात.