ओल्या झोळीचे दोनशे ग्रॅम

मी वजनकाटा बोलतोय. दाराच्या चौकटीला टांगायचा, तान्ह्या बाळांचा. पोटावर गोल तबकडी, खाली आकडी आणि आकडीला कापडी झोळी. सांगतो ते शपथेवर खरं आहे, त्यात एका ग्रॅमचीही भर नाही. बरं, असेल शंभर-दोनशे ग्रॅमची. एवढं चालवून घ्या.

कारखान्यात माझी परीक्षा घेतली तेव्हा दोन किलोचं लोखंडी वजन मला बघून भीतीने पावणेदोनचं झालं होतं. तिथून मी आलो तो थेट एका नर्सबाईंच्या पिशवीत. त्या दवाखान्यात बसणाऱ्या नव्हत्या. ज्यांचं बाळंतपण जोखमीचं, कुणाच्या अंगात रक्त कमी, कुणाचा रक्तदाब चढलेला, अशा बायकांच्या घरी त्या स्वतः जायच्या. बाळ झालं की बाळासाठीही जायच्या. पिशवीत माझा शेजारी होता रक्तदाब मोजायचा पट्टा. स्वभावाने फुगीर. आधी आपली गरज लागते म्हणून माझ्यावर दादागिरी करायचा.

त्या फेरीत एक शिवणकाम करणारी होती. तिसऱ्या मजल्यावर घर, खिडकीशी मशीन, गळ्यात कायम मापाची टेप. सहाव्या महिन्यापासून तिचा रक्तदाब वर.

"ताई, एवढे चार कपडे द्यायचेत, मग पडते," ती म्हणायची.

"कपडे थांबतील. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, की तडक दवाखाना गाठायचा. माझी वाट बघत बसायचं नाही."

तिने ऐकलं. वेळेत गेली म्हणून दोघी सुखरूप सुटल्या. मुलगी मात्र महिनाभर आधी आली, जेमतेम दोन किलोची. बाळाच्या आजींनी तिला हाक मारायला सुरुवात केली, चिमूट.

नर्सबाईंचा शिरस्ता ठरलेला. आधी रिकामी झोळी टांगायची, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ. आणि बाळ अडीच किलोला पोचलं की दर आठवड्याची फेरी बंद, मग महिन्याने एकदा.

त्या दिवशी चिमूट तीन आठवड्यांची होती. आदल्या खेपेला दोन किलो तीनशे भरली होती. बाईंनी मला टांगलं, झोळी लावली, काटा शून्यावर आणला. तेवढ्यात शिवणवालीला झोळीवर आधीच्या घरातल्या बाळाने उमटवलेला नकाशा दिसला.

"अगंबाई! द्या इकडे, दोन मिनिटांत धुवून देते."

तिने धुतली, कचकचून पिळली आणि परत लावली. बाई तोवर आजीशी बोलण्यात गुंतल्या होत्या. शून्य तर आधीच लावलं होतं. ओल्या झोळीवर शिवणवालीनेच कोरडा पंचा अंथरला आणि बाईंनी चिमटीत धरल्यासारखी चिमूट अलगद ठेवली. काटा बरोबर अडीचवर.

"बघ, सांगत नव्हते मी?" आजी सुनेला म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. आणि गुणी किती! रडत म्हणून नाही."

बाईंनी हसून कार्डावर लिहिलं, 'अडीच'. आता महिनाभर या घराकडे कुणी फिरकणार नव्हतं. मला मात्र झोळीतलं पाणी कळत होतं. मग मी काय केलं? आकडीतून असा करकरलो, की खालच्या मजल्यावरचं मांजर सज्ज्यावरून उडालं आणि शिवणवालीने दचकून वर बघितलं.

"ताई," ती चाचरत म्हणाली, "एक विचारू? मी रोज हिच्या मांडीचं माप घेते. सवयच आहे हाताला. टेप सैल पडतेय हो. दोनशे ग्रॅम वाढली, तर ते गेले कुठे?"

"टेपने कुठे बाळं मोजतात?" आजी म्हणाल्या.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चिमूटला उचलून आजींकडे दिलं, पंचा बाजूला केला, खालच्या झोळीला हात लावला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, मी पाणी तोललं!"

झोळी सोडून शिवणवालीने कोरडी ओढणी बांधली. पुन्हा शून्य, पुन्हा चिमूट. दोन किलो दोनशे ऐंशी. वाढली नव्हतीच, वीस ग्रॅम उतरली होती.

बाई खाली बसल्या. "पाज बरं माझ्यासमोर." चिमूट दोन मिनिटं ओढायची आणि झोपून जायची. "आजी, ही गुणी नाहीये. रडायचं त्राण नाही तिच्यात. चला, आत्ताच निघायचं."

आजींनी दुपटं उचललं.

पाच दिवस चिमूट दवाखान्यात होती. आईचं दूध काढून वाटीने थोडं थोडं पाजलं. सहाव्या दिवशी घरी येऊन ती अशी काही भोकाड पसरून रडली, की आजी आनंदाने सगळ्या मजल्यावर सांगत सुटल्या.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. पिशवीत नवा, आकडे उजळणारा काटा आला आहे आणि मी आरोग्य केंद्रातल्या खिळ्याला लटकतो. नव्याला एवढंच सांगतो: बाळ ठेवण्याआधी झोळी चाचपायला लाव. आणि आकडा दाखवून झाला की क्षणभर गप्प राहा, आईला काही म्हणायचं असतं.

आणि हो, मी भर घातलेले ते दोनशे ग्रॅम. मी करकरलो, मांजर उडालं, ते सगळं रचलेलं. मी हूं की चूं केलं नव्हतं. अडीचवर ताठ उभा होतो, चांगला ऐटीत. बोलली ती एकटी शिवणवाली.