उशीवाल्याची उलटतपासणी

शप्पथ घेऊन, चार घरांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी उरलीसुरली दाढ पडो! हसू नका, ऐका.

एका बँकेत एक बाई होती. तिला सगळे काबाई म्हणायचे, कारण तिच्या तोंडी सदान्‌कदा एकच, "का?" सासू म्हणायची, "हिला कुणी पाणी दिलं तरी विचारेल, का दिलंत?" आणि नशीब बघा, अशा बाईला बसवलं कुठे? कॅशच्या काचेमागे. नोटा मोजा, द्या, पुढचा या. तिथे 'का' विचारलं की रांग खवळायची.

म्हणून कर्जखात्याच्या ट्रेनिंगला नाव लागलं तेव्हा काबाई अशी हरखली की विचारू नका. कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'का' विचारायचा तिथे पगार मिळतो! पण अट होती. शेवटच्या परीक्षेत पास झाली तर कर्जखात्यात खुर्ची, नाहीतर परत काचेमागे, कायमची.

शिकवणारे सर जुने, मुरलेले. परीक्षेची त्यांची एक तऱ्हा होती. एक माणूस कारखानदाराचं सोंग घेऊन यायचा, नव्या मशीनसाठी कर्ज मागायचा. त्याच्या धंद्यात सरांनी एक खोट लपवलेली असायची. प्रश्न विचारून ती शोधायची. सर स्वतः मात्र खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचे. म्हणायचे, "मी असलो की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून प्रश्न विचारता."

या खेपेला सोंग घ्यायला सरांनी आपल्या मेहुण्याला बोलावलं होतं. हौशी नाटकवाला, भारी माणूस. जिन्यापाशी बसणाऱ्या शिपायाला सर सांगून गेले, "नाटकातला माणूस येईल, त्याला वर वर्गात पाठव."

थोड्या वेळाने दोघंजण पुढे-मागे आले. एक कडक इस्त्रीच्या कोटात, हातात चमचमतं घड्याळ. दुसरा वाकलेला, डोक्यावर कापूस, भुवयांवर कापूस, कानाच्या पाळीवरसुद्धा कापूस. दोघंही म्हणाले, "कर्जाचं काम आहे." शिपायाने क्षणभर दोघांना न्याहाळलं. मेकअप काय त्याला कळत नव्हता? कापूसवाल्याला त्याने वर धाडलं आणि कोटवाल्याला अदबीने मॅनेजरच्या केबिनमध्ये.

वर वर्ग टपूनच बसला होता. सगळ्यांत पुढे टायवाला. हा पोरगा गणितात पक्का आणि स्वतःवर भलताच खूश.

"या काका, बसा. धंदा कसला?"

"उशा बनवतो."

"मशीनचं कोटेशन?"

त्याने पिशवीतून काढून दिलं. विजेची बिलं, कराच्या पावत्या, जे मागावं ते दिलं. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली. "काय तयारी करून आलाय बघ!"

टायवाल्याने आकडे उलटेपालटे केले, बेरजा तपासल्या. खोट काही सापडेना. शेवटी तो वैतागला. "काका, आता सांगून टाका. एक खोट आहे, आम्हाला पक्कं माहितीये."

उशीवाला घाबरला. घाम पुसता पुसता कपाळालाही कापूस लागला. "साहेब... धाकटा साडू कामावर ठेवलाय. तो दिवसभर उशांवर झोपतो. टेस्टिंग म्हणतो त्याला."

"सापडली!" वर्गाने टाळ्या पिटल्या. टायवाल्याने वहीत 'साडू' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

काबाई मात्र त्या माणसाकडे बघत राहिली होती. "काका, माल खपतो का?"

"ट्रकच्या ट्रक जातात, ताई. मोठी हॉटेलं घेतात."

"मग तुम्ही असे सुकलेले का?"

"ए, परीक्षा संपली," टायवाला म्हणाला.

"तुझी संपली. काका, हॉटेलं पैसे कधी देतात?"

"देतात की. चार-सहा महिन्यांनी."

"आणि कापूसवाला थांबतो?"

"तो? तो रोख घेतल्याशिवाय गाडीची दोरी सोडत नाही."

"मग मधे कसं भागवता?"

"इकडून तिकडून. बायकोच्या भावापुढे तर आता तोंड दाखवायची सोय नाही."

"मशीन आली की उशा दुप्पट. म्हणजे कापूसही दुप्पट, तोही रोख. आणि हॉटेलं?"

उशीवाल्याचा चेहरा हळूहळू बदलला. "हॉटेलं तेवढीच रखडवणार. म्हणजे मी दुप्पट अडकणार." त्याने समोरचं कोटेशन उचलून परत पिशवीत टाकलं. "ताई, जितकं जास्त विकतो तितकी ओढाताण वाढते, आणि का ते कळत नव्हतं. उशांचा कारखाना आहे माझा, आणि मला झोप नाही हो." त्याचे कान लालबुंद झाले, डोळे भरून आले.

"वा! काय काम केलंय!" मुलं ओरडली, पुन्हा टाळ्या. काबाईने टाळी वाजवली नाही. डोळ्यांत पाणी आणता येतं, पण कान कुणी ठरवून लाल करतं का? का बरं झाले ते?

तेवढ्यात सर आले. "काय, कसा वाटला माझा मेहुणा?" समोर बघतात तर अनोळखी माणूस. "हे कोण?"

मग जी पळापळ झाली! सगळी वरात जिना उतरून केबिनमध्ये. तिथे मेहुणा ऐटीत दुसरा चहा पीत बसलेला. त्याच्या छत्र्यांच्या कारखान्यात त्याच त्या छत्र्या दोन गोदामांत मोजलेल्या होत्या, ही सरांनी लपवलेली खोट. मॅनेजरने गोदामाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. घड्याळ बघितलं आणि कागदावर सही ठोकली. मेहुणा उठून मॅनेजरचा हात हलवत म्हणाला, "तुम्ही मॅनेजर फार झकास वठवलात हं!"

सरांनी डोकं धरलं. टायवाला म्हणाला, "सर, पण मार्कांचं काय? साडू मी शोधलाय."

"मार्क कसले? परीक्षेचा माणूस तुमच्यासमोर आलाच नाही. सगळे शून्य."

काबाईच्या डोळ्यांसमोर ती काच दिसायला लागली. पण उशीवाला मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "साहेब, मला मशीन नको. या ताई विचारत होत्या ना, त्या मधल्या महिन्यांपुरते पैसे द्या. कापसाला लागतील तेवढेच. आणि माझं काम ताईंकडेच द्या. दुसऱ्या कुणाला मी साडूबद्दल परत सांगणार नाही."

सरांनी काबाईला विचारलं, "खोट सापडली म्हणून सगळे थांबले. तू का नाही थांबलीस?"

"मी खोट शोधतच नव्हते, सर. ट्रकभर माल विकणारा माणूस असा का दिसतो, एवढंच मनात होतं."

सरांनी मॅनेजरकडे पाहिलं. नसलेल्या छत्र्यांवर सही करून बसलेला माणूस नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? काबाईला कर्जखात्यात खुर्ची मिळाली, खिडकीजवळची.

आता तुम्ही असे टक लावून बघताय म्हणून सांगते. मॅनेजरने सही केली नव्हती. पेनाचं टोपण तेवढं काढलं होतं. पण नुसत्या टोपणावर गोष्ट रंगते होय?