छत्तीस स्पोक

“हा कसाय?” कुंडलिककाकांनी स्पोक आवळायच्या चावीने चाकाच्या स्पोकवर टिचकी मारली आणि शकुकाकींच्या तोंडाकडे पाहिलं. काकींनी मान डोलावली. काका पुढच्या स्पोककडे वळले.

त्यांच्या जोगेश्वरीच्या खोलीच्या दारात बसून मी हे बघत होतो. मला वाटलं, उतारवयात दोघं लाडात आलीत. माणसाने इतकं मठ्ठ असू नये.

चाकांचा आऊट काढण्यात काकांची चाळीस वर्षं गेली. वाकडं चाक सरळ करायचं, छत्तीस स्पोक एकसारखे ताणायचे. ताण बोटांना ढोबळ कळतो, नेमका कळतो तो कानाला. ताणलेला स्पोक टण्ण वाजतो, सैल असला की थड. पुढे सगळ्या गाड्यांना अलॉयची, बिनस्पोकची ओतीव चाकं आली आणि काकांचं दुकान बंद पडलं.

मी अंधेरीच्या एका शोरूममध्ये गाड्यांची सर्व्हिस बघतो. आमची परदेशी कंपनी मूळची चिखलातल्या, डोंगरातल्या शर्यतींची. यंदा तिची दोनशे सीसीची एन्ड्युरो, म्हणजे डोंगरवाटांवरची मोटरसायकल, आली. वजन एकशे आठ किलो, आडवी पडली तर एकट्याने उचलावी. चाकं मात्र स्पोकची, कारण दगडावर आपटलं की अलॉय तडकतं, स्पोक धक्का झेलतात. आमच्या मेकॅनिकांपैकी एकालाही त्यांचा आऊट काढता येईना. मग अकरा वर्षं ढुंकून न पाहिलेल्या काकांकडे मी गेलो. कामापुरता मामा, दुसरं काय!

काकांना आधी शोरूम दाखवलं. भिंतीवर कंपनीच्या जुन्या शर्यतींचे फोटो आहेत. एकात एक गोरा म्हातारा मांडीवर चाक घेऊन, कान लावून बसलाय. काका तिथून हलेनात.

“सुबोध, ह्यो बी ऐकूनच करतोय रे!”

काका इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

पहिलं चाक मानसीच्या गाडीचं, मी दारात बसून बघितलं ते हेच. मानसी दातांची डॉक्टर, रविवारी डोंगरात गाडी घालणारी. काकांनी चाक दिलं, मी तपासल्याची सही ठोकली, गाडी गेली.

तिसऱ्या रविवारी उतारावर ते चाक दुमडलं. मानसीचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. बोटांत पूर्वीची पकड येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शोरूममध्ये सगळे म्हणाले, दगड लागला असणार. मीही तेच म्हणालो.

मोडकं चाक घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि प्रत्येक स्पोकच्या बुडाशी चावीचे ओरखडे चाचपले.

“शके, ह्या सातांना चावीच लागली नाय. हे तू चांगले म्हनालीस.”

काकी माझ्याकडे वळल्या. “दोन वर्सं झाली, ह्यांना बारीक ऐकू येत नाय. कुनाला सांगू नको म्हनले.”

“काकी, मग तुम्हाला आवाज कळला नाही?”

“कळला ना! थड थड वाजत होते. पन सुरवातीला चार वेळा नाय म्हनले, तर ह्यांचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्सांनी काम आलं होतं रे. मग मी हो म्हनत गेले.”

काका काकींच्या ओठांकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं.

“त्या पोरीला माझं नाव सांगितलंस?” त्यांनी मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

“सांग. उद्या मला तिच्याकडं घेऊन चल.”

मला आधी माझी सही आठवली, मग मानसीचा हात. मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या एका गाडीचं चाक मी आधीच आणून ठेवलेलं होतं, भिंतीला टेकून. काकांनी ते ओढलं आणि स्पोकवर टिचकी मारली. काकींनी नाही म्हटलं. काकांनी चावी फिरवली, पुन्हा टिचकी. स्पोक टण्ण वाजला, मलासुद्धा कळलं. काकींनी नाही म्हटलं. काकांनी आणखी आवळला.

“आता?”

“नाय.”

“शके, नीट ऐक. आता?”

काकींनी डोळे गच्च मिटून घेतले होते. “नाय.”

पुढच्या पिळाला स्पोक तुटला. काकांनी चावी हळूच माझ्या हातात दिली आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. तिची मान अजून नाही, नाही अशीच हलत होती.